अवजारे दारात, किल्ली परभाषेत

शिराळ्याची आठवण महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांना बहुधा वर्षातून एकदाच, नागपंचमीच्या सुमारास होते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, न्यायालयाचे आदेश आणि गावाची परंपरा यांच्यातील वाद चार दिवस रंगतो आणि श्रावण सरला की तालुका पुन्हा विस्मृतीत जातो. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे, पश्चिमेला वारणेवर चांदोलीचे धरण आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते; पण येथील मुले आज काय शिकतात आणि कशाच्या बळावर शिकतात, याची चौकशी कोणी फारशी करीत नाही. एके काळी या डोंगरी पट्ट्यातले तरुण मुंबईच्या गिरण्यांची वाट धरीत. आज त्यांचे नातू पुण्याच्या हिंजवडीची वाट धरतात. आजोबाला माग दिसला तो गिरणीच्या दारातून आत गेल्यावर. नातवाला मात्र आपल्या धंद्याची सगळी हत्यारे गाव सोडण्यापूर्वी, घरबसल्या आणि एक पैसाही न मोजता पाहता येतात, हाताळता येतात. हा फरक सामान्य नाही. तथापि, त्याचा लाभ प्रत्यक्षात कितीजणांना होतो, हा प्रश्न शिक्षकांनी आणि पालकांनी विचारायला हवा.

ही हत्यारे कोणती, हे थोडे समजून घेणे आवश्यक आहे. कारण संगणकाचे शिक्षण म्हणजे महागडी यंत्रसामग्री, असा समज अजून दृढ आहे. माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राला कळेल अशा रूपात उतरवणाऱ्या साधनाला कंपायलर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली असा एक कंपायलर सर्वांना खुला केला. तो आजही जगभर वापरात आहे. १९९१ साली लिनक्स आले, त्याच वर्षी पायथन ही भाषा प्रसिद्ध झाली. यांपैकी कशालाही परवान्याचे पैसे पडत नाहीत, आणि त्यांचे अंतरंग कोणालाही उघडून पाहता येते. पूर्वी असे साहित्य विकत घ्यावे लागे, किंवा सरळ सांगायचे तर कोणाकडून तरी चोरून उतरवून घ्यावे लागे. ती नामुष्की आता उरलेली नाही.

यातले सर्वांत उपयुक्त साधन कदाचित गिट हे असेल. लिनस टॉरवल्ड्स यांनी ते २००५ साली लिहिले. त्याचे मर्म तलाठी कार्यालयाशी संबंध आलेल्या माणसाला चटकन कळेल. सात-बाराचा उतारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. पण ती स्थिती कशी आली, कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने, हे गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत पाहावे लागते. गिट ही आज्ञावलीची फेरफार नोंदवही आहे. प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि त्यामागे त्याने काय कारण दिले, याची नोंद तीत राहते, आणि चूक झाली तर मागच्या नोंदीकडे परतता येते. फरक एवढाच की ही वही एका कपाटात कुलूपबंद नसते. काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ तिची संपूर्ण प्रत असते. (महसूल खात्याला हे तत्त्व रुचेल की नाही, हा वेगळा विषय आहे.) जगातल्या कोणत्याही कंपनीत नोकरीला लागलेल्या तरुणाला पहिल्या दिवसापासून बहुधा हेच साधन हाताळावे लागते. असे असूनही पदवी हाती पडेपर्यंत ज्याने ते पाहिलेलेही नाही, असे विद्यार्थी आपल्याकडे विपुल आहेत.

त्याचे कारण महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सापडते. देशातील अनेक महाविद्यालयांत सी आणि सी प्लस प्लस या भाषा टर्बो नावाच्या एका साधनावर शिकवल्या गेल्या, आणि काही ठिकाणी अजून शिकवल्या जातात. टर्बो सी १९८७ साली बाजारात आला, तेव्हा तो उत्तम होता यात शंका नाही. पण ज्या डॉस प्रणालीसाठी तो घडवला गेला, ती केव्हाच इतिहासजमा झाली. आता नव्या संगणकाला जुन्या संगणकाचे सोंग घ्यायला लावून त्यावर तो निळा पडदा उघडला जातो. विद्यार्थी पहिल्याच तासाला ‘कोनिओ’ नावाची जी शीर्षफाइल जोडायला शिकतो, ती सी भाषेच्या प्रमाण आवृत्तीत कधीच नव्हती. सी प्लस प्लसचे १९९८ साली जे मानक ठरले, त्यात जुन्या पद्धतीची ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ ही फाइलही राहिली नाही. म्हणजे मुलगा जे पाठ करून प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत गुण मिळवतो, ते बाहेरच्या कंपायलरपुढे ठेवले की पहिल्या ओळीलाच अडते. याला दारिद्र्य म्हणता येणार नाही, कारण नवे साधन फुकट आहे आणि जुन्या संगणकावरही चालते. हा निव्वळ आळस आहे. आणि त्याची किंमत तो आळस करणारे मोजत नाहीत, शिराळ्याहून नोकरीच्या मुलाखतीला पुण्यापर्यंत गेलेला मुलगा मोजतो.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे, ती भाषेची. साधनांबरोबर त्यांची माहितीही महाजालावर मुबलक आहे. पायथनची संपूर्ण संहिता कोणालाही उतरवून घेता येते. २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर जगभरातील प्रोग्रामरांनी एकमेकांना विचारलेल्या लक्षावधी शंका आणि त्यांची उत्तरे आहेत. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून एनपीटीईएलवर आपली व्याख्याने खुली केली आहेत. पण हे बहुतांशी इंग्रजीत आहे, आणि मराठी माध्यमातून बारावीपर्यंत आलेल्या मुलापुढे एकाच वेळी दोन डोंगर उभे राहतात: एक विषयाचा, दुसरा भाषेचा. त्याला संगणकाचे तर्कशास्त्र कळत नाही असे नाही. ते सांगणारे वाक्य त्याला कळत नाही, आणि दोहोंतला भेद न ओळखता तो स्वतःला मंद समजू लागतो.

या प्रश्नावर मुंबईच्या आयआयटीने एक शहाणपणाचा तोडगा काढला आहे. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या साहाय्याने तेथे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. लिनक्स, पायथन, सी, सायलॅब अशा मुक्त साधनांचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ त्यात आहेत. पडद्यावर दिसणारी अक्षरे इंग्रजीच राहतात. कारण उद्या नोकरीत तोच पडदा समोर येणार आहे. समजावून सांगणारा आवाज मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतो. विद्यार्थ्याने अर्ध्या पडद्यावर पाठ पाहायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर तेच करून पाहायचे, मग पुढे जायचे, अशी पद्धत आहे. मातृभाषेतून शिक्षण की इंग्रजीतून, या वादात मराठी समाजाने कित्येक दशके घालवली. या पाठांनी तो वाद न घालता दोन्ही भाषांना त्यांची त्यांची जागा नेमून दिली. २०२१ साली पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकीची पदवी मराठीतून देण्याचा मार्ग धरला, हेही धाडसाचेच पाऊल होय. पण पदवीचे माध्यम बदलणे ही मूठभरांची गोष्ट आहे. मराठीतला दहा मिनिटांचा पाठ कोणत्याही गावातल्या मुलाला उद्या सकाळी पाहता येतो, त्यासाठी कोणाच्या मान्यतेची गरज नाही.

वारणाखोऱ्याला संगणक नवा नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. नदीच्या पलीकडे वारणानगर परिसरात १९९८ साली केंद्र, राज्य आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला. कोल्हापूर आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील गावे त्यात होती. शेतकऱ्याला बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी दाखले गावातच मिळतील, असे चित्र त्या वेळी रंगवले गेले. प्रत्यक्षात गावोगावचे संगणक मुख्यतः उसाच्या वजनाचे आकडे, तोडणीचे परवाने आणि खताचा हिशेब यांसाठी वापरले गेले. यंत्रे जुनी झाली, त्यांची देखभाल परवडेना. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी काही गावांत संगणक बाजूला ठेवून तेच काम साध्या मोबाईलवरील लघुसंदेशांनी करून दाखवले. त्यावरील निबंध २००७ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. यात कोणाची फजिती शोधण्याचे कारण नाही. प्रयोग होता, त्यातून शिकायला मिळाले. पण एक गोष्ट नजरेतून सुटू नये. पहिल्या वेळी उत्तर दिल्लीहून आले, दुसऱ्या वेळी बंगळूरहून. खोऱ्यातल्या मुलांनी ती आज्ञावली उघडावी, आपल्या गावाच्या गरजेप्रमाणे बदलावी, असे दोन्ही वेळा कोणाच्या मनात आले नाही. तेव्हा त्यांच्या हाती साधनेही नव्हती. आज आहेत.

आणि करण्यासारखे काम पुष्कळ आहे. मराठीचाच एक प्रश्न घ्या. कचेरीत टंकलेखन करणाऱ्या प्रत्येकाला जुन्या फॉन्टचा जाच ठाऊक आहे: एका संगणकावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की अक्षरांची खिचडी होते. युनिकोडने तो जाच बराच कमी केला, पण संपवला नाही. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र दोन निरनिराळ्या संकेतांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसे असतात. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, त्यामुळे जुन्या नोंदी एका पद्धतीने आणि नव्या दुसऱ्या पद्धतीने झालेल्या असू शकतात. यादीत नाव शोधून सापडत नाही, कारकून अर्जदाराला परत पाठवतो, आणि दोष दोघांचाही नसतो. अशी भिन्न रूपे एक करणारी मोफत साधने उपलब्ध आहेत. ती पतसंस्थेच्या, दूधसंस्थेच्या किंवा शाळेच्या नोंदवहीला जोडणे हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम आहे. मात्र ते सुचण्यासाठी प्रोग्रामरला मराठीची आणि कचेरीची, दोहोंची माहिती हवी. कॅलिफोर्नियातल्या कंपनीला कुऱ्हाड्यांची अडचण कधी कळणार?

महाराष्ट्राने संगणक-साक्षरतेसाठी काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटीने तालुक्या-तालुक्यात लोकांचे हात संगणकाला लावले, तेही मराठी पुस्तकांच्या आधाराने. पण त्यातून वापरणारे तयार झाले, घडवणारे नव्हेत. केरळने त्याच वर्षी शाळांसाठी जो उपक्रम आरंभला, तो पुढे मुक्त सॉफ्टवेअरवर उभा केला, शिक्षकांना त्यात तयार केले, आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या नावाने माध्यमिक शाळांतील मुलांची मंडळेच स्थापन केली. तेथील शिक्षक प्रणालीत बिघाड झाला म्हणून विक्रेत्याची वाट पाहत बसत नाही. हा फरक पैशाचा नाही.

अलीकडे एक नवे साधन या सगळ्यावर मात करू पाहत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि शंका विचारण्याची रीतच पालटली. स्टॅक ओव्हरफ्लोने पुढच्याच महिन्यात यंत्राकडून लिहून घेतलेली उत्तरे टाकण्यास मनाई केली. पण लोकांनी तेथे प्रश्न विचारणेच कमी केले. शिराळ्याच्या मुलाच्या दृष्टीने पाहता हे यंत्र वरदान ठरू शकेल: ते मराठीत विचारलेली शंका मराठीत सोडवते आणि दहाव्यांदा विचारले तरी चिडत नाही. पण ते चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देते. ज्याच्याजवळ चांगला शिक्षक आहे, त्याला ती चूक दिसेल. ज्याला शिक्षक नाही, म्हणजे ज्याला या यंत्राची सर्वाधिक गरज आहे, त्यालाच ती दिसणार नाही.

शिवाय ही साधने फुकट असली तरी बेवारस नाहीत. जगभरच्या आज्ञावलींचे भांडार असलेली गिटहब ही कंपनी २०१८ साली मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरना घेतली. स्टॅक ओव्हरफ्लो २०२१ साली १.८ अब्ज डॉलरना विकली गेली. तीमधील उत्तरे लिहिणाऱ्यांनी ती विनामोबदला लिहिली होती. आणि मालकच दार बंद करतो असे नाही. डिसेंबर २०१४ मध्ये दहशतवादी मजकुराच्या कारणावरून भारतात ३२ संकेतस्थळे रोखण्यात आली, तीत गिटहबचा एक विभाग आणि इंटरनेट अर्काइव्ह यांचाही समावेश होता. काही दिवसांत बंदी उठली, पण तेवढ्यात ज्याचे काम अडले, त्याचे अडलेच.

यावर उपाय आहे आणि तो तालुक्याच्या पातळीवरचा आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवरील मजकूर मुक्त परवान्याखाली असल्याने त्याची प्रत ठेवता येते; किविक्स या मोफत साधनाने तो, विकिपीडिया आणि इतर कितीतरी साहित्य महाजालाच्या जोडणीवाचून वाचता येते. चांदोलीकडच्या पावसात वीज आणि नेटवर्क दोन्ही रुसतात, तेव्हा अशा प्रतीचे मोल कळते. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले गेले आहे. तालुक्याच्या ग्रंथालयात दोन जुने संगणक, त्यांवर लिनक्स, एका डिस्कवर ही संहिता आणि मराठी पाठ, आणि संध्याकाळी दोन तास तेथे बसणारा एखादा हौशी शिक्षक, एवढ्यावर आरंभ होऊ शकेल. महाविद्यालयांनाही हात बांधल्याची सबब सांगता येणार नाही: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांना एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक देण्याची मुभा दिली आहे. प्रयोगशाळेतला निळा पडदा मिटून नवा कंपायलर बसवायला कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही. एक दुपार पुरेशी आहे. आणि ग्रंथालयाला लागणारी ती डिस्क एका लोखंडी कपाटापेक्षा स्वस्त पडते.