देणगीची पावती

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाले की आमच्याकडे तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात, त्याचा कडू थेंब जिभेला लावतात आणि मगच फराळाला बसतात. दिवाळी अंकातही एखादे कारीट असावे, असे मला वाटते. वाचकांनी हा लेख तसा समजून आधी संपवावा आणि मग खुशाल करंजीकडे वळावे.

गोष्ट अशी झाली. मी मॅट्रिकच्या शिदोरीवर वसईत मास्तरकी करणारा माणूस. चार कादंबऱ्या नावावर असल्यामुळे गावात मानपत्र लिहायचे असले की माझी आठवण होते. गेल्या वर्षी शाळेला एका गृहस्थांनी सभागृह बांधून द्यायचे ठरवले. हे गृहस्थ तीस वर्षांपूर्वी दुष्काळी मुलखातून पत्र्याची ट्रंक घेऊन वसई रोड स्टेशनावर उतरले. गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहिली, मुकादम झाले, कंत्राटदार झाले, आणि आज त्यांनी बांधलेल्या इमारती मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत. दरसाल शेकडो पोरांना वह्या वाटतात, गरिबांसाठी रुग्णवाहिका ठेवतात. त्यांच्या कष्टाविषयी मला आदर आहे आणि तो मी मानपत्रात मन लावून लिहिला.

फक्त एक वाक्य जास्त लिहिले. त्यांच्या पहिल्या इमारती बावखले बुजवून उभ्या राहिल्या, असे ते वाक्य. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे, विहिरींना जिवंत ठेवी आणि उन्हाळ्यात केळी-पानवेलींना पाजायला उपयोगी पडे. ते बुजले, म्हणून आषाढात आमच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी आणि वैशाखात दारात टँकर! हे मी परक्याच्या तोंडून ऐकलेले नाही. मी त्यांच्याच एका इमारतीत राहतो. घर स्वस्त मिळाले म्हणून मीही खाली काय होते ते विचारले नव्हते.

समितीने ते वाक्य खोडले. मी विरोध केला तेव्हा आमचे एक वडीलधारे सभासद म्हणाले, "गुरुजी, जमशेटजींना कोणी असले प्रश्न विचारत बसले असते, तर जे. जे. हॉस्पिटल उभे राहिले असते का?"

सभेत मला उत्तर सुचले नाही. माझ्या आईचे मोठे ऑपरेशन त्याच जे. जे. रुग्णालयात झाले होते आणि ती बरी होऊन घरी आली होती. पुढे बोलायला तोंड नव्हते. घरी येऊन मी जमशेटजींचे चरित्र नीट वाचले. आता उत्तर देतो.

सर जमशेटजी जिजीभाई यांचा जन्म १७८३ चा. बालपण नवसारीला गेले. सोळाव्या वर्षी आईबाप दोन्ही गेले आणि हा पोरका मुलगा मुंबईत रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करणाऱ्या मामांच्या आश्रयाला आला. शाळेचे शिक्षण नावापुरते. पण हिंमत अशी की त्याने चीनच्या सफरी केल्या. १८०५ साली अशाच एका सफरीत फ्रेंचांनी जहाज पकडले, माल गेला. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याची ओळख पुढे व्यापारात कामाला आली आणि जमशेटजी मुंबईतल्या सर्वांत मोठ्या व्यापाऱ्यांत गणले जाऊ लागले.

दानाची यादी वाचताना खरोखर हात जोडावेसे वाटतात. १८२२ साली त्यांनी कर्जापायी तुरुंगात पडलेल्या गरिबांची देणी फेडून त्यांना सोडवले. सरकारने गुरांच्या चराईवर कर बसवला तेव्हा ठाकुरद्वारजवळ जमीन विकत घेऊन ती मोफत चराईला दिली. चर्नी रोड हे नाव त्या चरणीवरून पडले, असे सांगतात. १८४५ पासून रुग्णालय, १८५७ पासून कलाशाळा, पुण्यात मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्याला पैसा. एका जन्मात एवढे!

आणि हा पैसा कशाचा? कापसाचा होता, तसाच अफूचाही होता. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि त्या व्यापारात जार्डिन मॅथेसन कंपनीचे मुंबईतले मोठे भागीदार जमशेटजी होते. चीनच्या बादशहाचे अफूविरुद्धचे पहिले फर्मान १७२९ चे. १८३९ साली तिथल्या अधिकाऱ्याने वीस हजारांवर पेट्या जप्त करून नष्ट केल्या, म्हणून इंग्रजांनी युद्ध केले. ते १८४२ साली चीनला नमवून संपले. जमशेटजींना 'सर' ही पदवी मिळाली तीही १८४२ सालीच.

यावर कोणी म्हणेल, तेव्हा इंग्रजी कायद्याने तो धंदा गुन्हा नव्हता. खुद्द कंपनी सरकार बंगालची अफू लिलावात विकत होते. खरे आहे. त्या एकट्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, असे मी म्हणतच नाही. पण कँटनच्या ज्या घरातला कर्ता पुरुष चिलमीपायी गेला, त्या घराला कंपनीचा कायदा ऐकवून काय उपयोग?

दुसरे कोणी म्हणेल, मग रुग्णालय पाडायचे का? छे! माझी आई तिथे बरी झाली आहे. रुग्णालय राहावे, दात्याचे नावही राहावे. पण शाळेत जमशेटजींचा धडा शिकवताना अफूचे वाक्य गाळू नये, एवढेच माझे म्हणणे. आज ही हकीकत इतिहासाच्या ग्रंथांत उघड छापलेली आहे, म्हणून रुग्णालयाची एक खाटसुद्धा कमी झाली नाही. मग आमच्या सभागृहाची वीट एका वाक्याने कशी ढासळेल?

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी: अशी वाक्ये लिहिली तर उद्या कोणी देणगी देणार नाही. याचे उत्तर जमशेटजींच्या घरातच आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती, होड्या उलटून माणसे बुडत. सरकार पूल बांधायला पैसे देईना. तेव्हा त्यांच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि अट घातली ती एकच: या वाटेवर कोणाकडूनही टोल घ्यायचा नाही. १८४५ साली ती वाट खुली झाली. दहिसरच्या नाक्यावर लहान गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला. आवाबाईंनी आपल्या वाटेपुरता तो पावणेदोनशे वर्षांपूर्वी रद्द केला होता. दाता अट घालू शकतो. पण ती अट दुसऱ्यांच्या सोयीची आहे की स्वतःच्या नावाची, यावरून दान ओळखावे. एका वाक्याने आटणारी देणगी ही देणगी नव्हेच, तो जाहिरातीचा खर्च!

मला राग त्या बिल्डर गृहस्थांचा नाही. ते वाक्य खोडा, असे त्यांनी सांगितलेच नव्हते. त्यांच्यापर्यंत ते पोचलेही नव्हते. ते खोडले आम्ही, चार शिकलेल्या माणसांनी, त्यांनी न मागता. श्रीमंताने पैशाने जे विकत घेतलेले नाही ते आपण होऊन त्याच्या चरणी वाहण्याची ही खोड आमची आहे. देणगी आली की पावती द्यावी. पावती पैशांची असते. पापाच्या माफीची पावती फाडण्याचा अधिकार शाळासमितीला कोणी दिला? आणि ज्यांच्या विहिरी आटल्या त्यांना न विचारता?

मानपत्र शेवटी दुसऱ्याकडून लिहून घेतले. समारंभ थाटात झाला, मीही गेलो, पेढाही खाल्ला. सभागृह सुरेख आहे, पोरे तिथे नाटकाच्या तालमी करतात आणि मला ते पाहून आनंदच होतो. पण या पावसाळ्यात शाळेच्या पटांगणात पाणी साचले, तेव्हा सहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, पूर्वी हे पाणी कुठे जायचे?"

मी त्या वर्गाला बावखलाचा धडा शिकवला. ते कोणी बुजवले तेही सांगितले, आणि सभागृह कोणी दिले तेही. मुलांनी दोन्ही गोष्टी वहीत उतरवून घेतल्या. त्या वह्याही त्याच गृहस्थांनी दिलेल्या होत्या.