हुसैन खान यांचे दहा आणे



दरवर्षी २० ऑगस्टला आपल्या शाळेत जागतिक डास दिन साजरा होतो. फलकावर सर रोनाल्ड रॉस यांचे चित्र लागते, आठवीचा एखादा विद्यार्थी पाठ केलेले भाषण म्हणतो, टाळ्या होतात आणि पुढचा तास सुरू होतो. चित्र बहुधा सुलतान बाजारातून आणलेल्या तयार तक्त्यातले असते. कार्यक्रमाबद्दल माझी तक्रार नाही. त्यात एकच नाव असते, याबद्दल मात्र आहे. हे सारे आपल्याच शहरात घडले, म्हणून ही तक्रार जरा मोठ्याने करावीशी वाटते.

रॉस हे लष्करी डॉक्टर. मलेरियाचे जंतू रक्तात असतात हे लाव्हेरां या फ्रेंच डॉक्टरांनी १८८० सालीच अल्जीरियात पाहिले होते. ते एका माणसातून दुसऱ्यात जातात कसे, हा प्रश्न उरला होता. लंडनच्या पॅट्रिक मॅन्सन यांचा तर्क असा की यात डासाचा हात असावा. तो तर्क डोक्यात घेऊन रॉस १८९५ मध्ये सिकंदराबादला आले.

येथपर्यंत पुस्तकात असते. पुढचे नसते.

सिकंदराबादला रॉस यांना अब्दुल कादिर नावाचा रुग्ण मिळाला. त्याच्या रक्तात मलेरियाच्या जंतूंचे चंद्रकोरीसारखे रूप दिसत होते. त्याला डास चाववून रॉस यांनी ते डास तपासले. मॅन्सन यांची समजूत अशी होती की डास पाण्यात मरतो, ते पाणी माणूस पितो आणि रोग होतो. म्हणून लछमन नावाच्या वीस वर्षांच्या धडधाकट तरुणाला तसे मेलेल्या डासांचे पाणी पाजण्यात आले. त्याला ताप आला, पण तो मलेरियाचाच होता हे काही सिद्ध झाले नाही. आज असा प्रयोग करायचा तर संमतिपत्र लागेल, समितीची परवानगी लागेल. लछमनजवळ यातले काहीही नव्हते. तर्क चुकीचा होता, हे आपण आज सहज म्हणतो, पण ते पाणी प्यायले कोणी, हेही सांगायला हवे.

दोन वर्षे रॉस यांच्या हाती काही लागले नाही. कारण साधे होते. ते ज्या डासांवर काम करीत होते, त्या जातींच्या अंगात माणसाच्या मलेरियाचे जंतू वाढतच नाहीत. त्यासाठी ॲनाफिलीस हवा. तो कसा दिसतो हे रॉस यांना ठाऊक नव्हते. १८९७ च्या ऑगस्टमध्ये, बेगमपेठेत, त्यांच्या हाताखालच्या एका माणसाने एका बाटलीत डासांच्या अळ्या आणून दिल्या. त्यातून पंखांवर ठिपके असलेले वेगळेच डास निघाले. त्याच सुमारास दवाखान्यातल्या सहाय्यकाने भिंतीवर बसलेला एक डास त्यांना दाखवला. तो शेपटीकडची बाजू वर करून बसला होता. विद्यार्थ्यांनो, ॲनाफिलीस ओळखण्याची हीच खूण तुमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात आहे ना? ती त्या दिवशी रॉस यांच्या लक्षात आणून देणारा हा सहाय्यक. रॉस यांनी १९२३ साली आपल्या आठवणींचा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांना त्याचे नाव आठवले नाही, आणि त्याबद्दल त्यांनी खेदही नोंदवला. त्यामुळे ते नाव आता आपल्यालाही सांगता येत नाही.

१६ ऑगस्टला हुसैन खान या रुग्णाला त्या बाटलीतले दहा डास चाववले. दर डासाला एक आणा याप्रमाणे त्याला दहा आणे मिळाले. (रुपयाचे सोळा आणे होत, हे लहान वर्गांसाठी सांगतो.) नंतर एकेक डास कापून तपासणे सुरू झाले. २० ऑगस्टला एका डासाच्या जठराच्या भिंतीत काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी उरलेल्या शेवटच्या डासात त्या आणखी मोठ्या झालेल्या होत्या. म्हणजे त्या वाढत होत्या, जिवंत होत्या. डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा शोध छापून आला.

आता एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हल्ली मोबाइलवर असे संदेश फिरतात की शोध भारतीयांनी लावला आणि इंग्रजाने तो चोरला. काही पालकांनी मलाही ते पाठवले आहेत. मला ते पटत नाही. ऑगस्टच्या उकाड्यात रॉस पंखा बंद ठेवून बसत, कारण वाऱ्याने कापलेले डास उडून जात. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. अशा स्थितीत शेकडो डास कापणे हे त्यांचे श्रम होते, आणि आपण काय पाहतो आहोत हे त्यांनाच कळले. पुढे कलकत्त्याला १८९८ मध्ये पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून त्यांनी जंतू डासाच्या लाळग्रंथीत पोहोचतात हे दाखवले. तेथेही डास गोळा करायला महमद बक्ष होता. त्याच वर्षी माणसाच्या मलेरियाचा मार्ग इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्का केला. १९०२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या रॉस यांना मिळाले. अन्याय झालाच असेल तर तो केवळ हिंदी माणसांवर झाला असे नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच मंडळींचा. वार्तापत्रात आपल्या माणसांबद्दल लिहा, आनंदीबाई जोशींबद्दल लिहा, असे सुचवले जाते. आनंदीबाई मलाही वंद्य आहेत. पण १८८६ मध्ये त्या अमेरिकेत पदवी घेत होत्या, त्याच वेळी आपल्या हैदराबादच्या मेडिकल स्कूलमध्ये रूपाबाई फर्दुनजी ही पारशी मुलगी डॉक्टरीचे शिक्षण घेत होती. एडवर्ड लॉरी यांनी १८८५ मध्ये मुलींना तेथे प्रवेश दिला होता. रूपाबाई १८८९ मध्ये उत्तीर्ण झाल्या. पुढे त्यांनी क्लोरोफॉर्म देण्याच्या कामात नाव मिळवले, १९०९ मध्ये एडिनबर्गला जाऊन अधिक शिक्षण घेतले, आणि चादरघाटच्या दवाखान्याच्या प्रमुख झाल्या. भारतातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून त्यांची नोंद आहे. चादरघाट आपल्यापासून किती दूर आहे? तरी आपल्या दहावीच्या वर्गात हे नाव विचारले, तेव्हा एकही हात वर आला नाही. आपली चार पिढ्यांची वस्ती या शहरात आहे. मग हुसैन खान, लछमन आणि रूपाबाई आपली माणसे नाहीत, असे कसे म्हणावे?

‘सर, हे परीक्षेत येते का?’ असे पालक विचारतील. येत नाही. मलेरिया कशाने होतो, एवढेच येते. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, आमच्याही पुस्तकात एकच नाव आणि एकच साल होते. मला ते साल अजून पाठ आहे, आणि त्या वेळी ते हैदराबादमध्ये घडल्याचे कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

तर यंदा २० ऑगस्टसाठी तयार तक्ते स्वीकारले जाणार नाहीत. आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः चित्र काढावे: बाटली, अळ्या, भिंतीवरचा डास, आणि भोवती असलेली माणसे. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याच्या चित्राखाली ‘नाव नोंदलेले नाही’ असे लिहावे. नववीने आणखी एक काम करायचे आहे. आपल्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुऊन ठेवणारे, आम्ल मोजून देणारे सहाय्यक आहेत. प्रयोगवहीत शिक्षकांच्या नावाखाली त्यांचे पूर्ण नाव लिहायचे. विचारल्याशिवाय ते किती जणांना सांगता येईल, कोण जाणे.

विश्वस्त मंडळींना विनंती की बेगमपेठच्या जुन्या विमानतळाजवळ रॉस यांनी जेथे काम केले ती इमारत आहे, तेथे नेण्यासाठी एक बस मंजूर करावी. येताना बस नल्लाकुंट्यावरून आणू. तेथील तापाच्या दवाखान्याला आपण सारे ‘कोरंटी’ म्हणतो. क्वारंटाईनचा तो अपभ्रंश आहे, हे २०२० नंतर मुलांना समजावून सांगावे लागत नाही. त्या दवाखान्याला रॉस यांचेच नाव दिलेले आहे. फलक रस्त्यावरूनच वाचायचा व वहीत उतरवायचा. सोबत डबा व पाण्याची बाटली आणावी, आणि पालकांच्या सहीची चिठ्ठी वर्गशिक्षकांकडे वेळेत द्यावी.

— मुख्याध्यापक