जहाज फक्त मौजेसाठीच?

सध्या आमच्या घरात क्रूझची चर्चा आहे. मुंबईहून जहाजात बसायचं, दोन रात्री पाण्यावर काढायच्या. मुलं मोबाईलवर खोल्यांचे दर बघतात, मी रेल्वेचं आरक्षण. कारण नागपूरकराला समुद्र गाठायचा तर आधी ८०० किलोमीटर जमीन ओलांडावी लागते. मौज जरूर करावी. माझं म्हणणं वेगळं आहे.

याच मुंबईहून पूर्वी हजची जहाजं सुटत. गावोगावचे यात्रेकरू क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरत. जेद्दाला पोहोचायला 'अकबरी'सारख्या जहाजाला १२-१५ दिवस लागत. १९९५ मध्ये ही वाट बंद झाली. आता नागपूरहूनही हजची विमानं जातात, ही सोय मोठीच. पण २०१८ मध्ये हजचं अनुदान बंद झालं. ते बंद व्हावं, असं अनेक मुसलमानांचंही मत होतं. त्याच वर्षी सौदी सरकारने जलमार्ग पुन्हा सुरू करायला होकार दिला. नवं जहाज ३-४ दिवसांत पोहोचेल आणि खर्चही कमी होईल, असं आपल्या सरकारने सांगितलं. पुढे काय झालं?

हज फर्ज आहे तो ऐपत असलेल्यावरच. पण ऐपत शेवटी तिकिटाच्या दरावरही ठरते. अनुदान नको, सवलत नको. निवड करायला दुसरी वाट तरी द्या. सहलीच्या जहाजांना मुंबई बंदरात जागा मिळते, ती आयुष्यभर पै-पै साठवणाऱ्या यात्रेकरूंच्या जहाजालाही मिळाली पाहिजे.