खुर्ची कोणाच्या मापाची?

‘खुर्ची’ या शब्दाला आपल्याकडे सत्तेचा असा काही वास चिकटला आहे की, ती मुळात बसण्याची वस्तू आहे याचाच विसर पडावा. डोंबिवलीकराला तो पडत नाही. मुंबईपर्यंतचे सुमारे 48 किलोमीटर तिघांच्या बाकावर चौथा होऊन, अर्धे अंग अधांतरी ठेवून काढणारा चाकरमानी कचेरीत पोहोचल्यावर प्रथम अंग टाकतो ते खुर्चीवरच. आणि पुढील आठ तास तो तिच्या स्वाधीन असतो.

आधुनिक खुर्चीचा इतिहास हा बव्हंशी कारखान्याच्या सोयीचा इतिहास होय. मायकेल थोनेट यांची 1859 सालची, वाफेवर वाकवलेल्या लाकडाची खुर्ची अवघ्या सहा भागांची होती. तशा सुट्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. इराण्याच्या हॉटेलातील खुर्च्या याच कुळातील. पुढे 1925 मध्ये मार्सेल ब्रॉयर यांनी पोलादी नळी वाकवली आणि अखेर पॉलिप्रॉपिलीनची एकसंध खुर्ची साच्यातून बाहेर पडू लागली. तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. अनेक गरीब घरांत आलेली पहिली खुर्ची तीच. तरीही आपल्या घामट हवेत वेताच्या विणीइतकी शहाणी बैठक दुसरी नाही, असे आमचे मत आहे. पण वेत विणणाऱ्याला मजुरी द्यावी लागते, आणि काही वर्षांनी पुन्हा बोलवावेही लागते!

खरे दुखणे उंचीचे आहे. बाजारातील खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारणतः 43 ते 45 सेंटिमीटर असते. आपल्याकडील अनेक स्त्रियांच्या गुडघ्यामागील खळगीची उंची 40 सेंटिमीटरच्याही आत भरते. परिणामी पाय लोंबकळतात, बैठकीची कड मांडीला रुतते, आणि पाय टेकवण्यासाठी पुढे सरकावे तर पाठीचा आधार सुटतो. वरखाली होणारी खुर्ची घेऊनही प्रश्न सुटत नाही, कारण टेबल 75 सेंटिमीटरवर अढळ असते. खुर्ची उतरवली की खांदे चढतात. मग टेबलाखाली जुन्या फायलींचा गठ्ठा येतो. तो गठ्ठा म्हणजे खुर्ची घडवणाऱ्याने न केलेले काम होय.

ज्ञानाची वाण आहे असे म्हणावे, तर तसेही नाही. पवईच्या आय.आय.टी.त 1969 पासून औद्योगिक अभिकल्पाचे केंद्र आहे. भारतीय शरीरमापांवरील देबकुमार चक्रवर्ती यांचा ग्रंथ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 मध्येच प्रसिद्ध केला. परंतु खरेदी करणारा एक आणि बसणारा दुसरा, अशी स्थिती असल्यावर दर पाहिला जातो, हमीची मुदत पाहिली जाते. पायाची लांबी कोण विचारणार?

शाळांतून तर दहा वर्षांचे मूल आणि पंधरा वर्षांचा मुलगा सकाळ-दुपारच्या सत्रांत एकाच मापाच्या बाकावर बसताना दिसतात. नव्या बाकांची मागणी नोंदवण्यापूर्वी शिंप्याची एक टेप आणि एक तास खर्च करणे कोणत्याही शाळेला जड जाऊ नये. तेवढेही जमत नसेल तर मुख्याध्यापकांनी पाचवीच्या वर्गात जाऊन एकदा बाकाखाली वाकून पाहावे, आणि किती पावले जमिनीला टेकली आहेत ते मोजावे.