सुरीची घाई नको

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी परसात चार-दोन कोंबड्या असतील. कोकणातल्या वाडीत, खानदेशातल्या खेड्यात, मराठवाड्यातल्या वस्तीत, एवढेच काय, शहरातल्या दाट मोहल्ल्यातही कोंबड्या पाळलेल्या दिसतात. दिवसभर त्या माती उकरतात, किडे आणि दाणे टिपतात आणि दिवेलागणीला आपण होऊन खुराड्यात परततात. त्यांच्यासाठी फारसा खर्च येत नाही. अंडी मात्र मिळतात, आणि अडीनडीला दोन पैसेही मिळतात. पुष्कळ घरांत हे पैसे अम्मीच्या किंवा दादीच्या हातचे असतात.

अशा घरात एक प्रसंग कधी ना कधी येतोच. परसातून अचानक कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येतो. सगळे धावत जातात. एखादे मुंगूस कुंपणातून पळते, किंवा बोका भिंतीवरून पलीकडे उडी टाकतो. अंगणभर पिसे विखुरलेली असतात. एक कोंबडी मान टाकून पडलेली असते आणि तिच्या पाठीवर रक्त असते. मग कोणीतरी ओरडते, "सुरी आणा लवकर! जीव जायच्या आत हलाल करा, नाहीतर फुकट जाईल!"

या घाईविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे. माझे मत असे आहे की, जखमी कोंबडी दिसली की पहिला हात सुरीकडे जाऊ नये. आधी तिला टोपलीत ठेवावे, तिची जखम नीट पाहावी आणि मगच काय करायचे ते ठरवावे.

घाई करणाऱ्या मंडळींचे म्हणणे खोटे आहे, असे मी म्हणत नाही. आपोआप मेलेला प्राणी खाणे हराम आहे. हिंस्र प्राण्याने धरलेला प्राणी जिवंत असतानाच हलाल केला, तर तो खाता येतो. हे घरातील वडीलधाऱ्या माणसांना ठाऊक असते. शिवाय कष्टाने वाढवलेली कोंबडी वाया जाऊ नये, असे वाटणे साहजिक आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की, ती मरणारच आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कशावरून ठरवले?

कोंबडीचा एक स्वभाव लक्षात घ्या. शत्रूने पकडले की पुष्कळदा ती एकदम स्तब्ध होते. मेल्यासारखी पडून राहते. ही तिला निसर्गाने दिलेली युक्ती आहे. हालचाल थांबली की शत्रूची पकड थोडी ढिली पडते आणि तिला निसटायची संधी मिळते. शिवाय भीतीने तिला मोठा धक्का बसलेला असतो. ती डोळे मिटते, मान खाली घालते आणि हाक मारली तरी हलत नाही. पाहणाऱ्याला वाटते, संपली बिचारी!

पिसांचेही तसेच आहे. झटापटीत कोंबडीची पिसे सहज सुटतात आणि शत्रूच्या तोंडात नुसता पिसांचा झुबका राहतो. तेव्हा अंगणभर पिसे पडली म्हणजे जखम मोठीच असेल, असे नाही. उलट, मांजराच्या सुळ्याचे बारीक भोक पिसांखाली दिसतही नाही, पण ते आत खोलवर गेलेले असते. म्हणजे वरवर पाहून दिलेला निकाल दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. म्हणून आधी पाहणे, मग ठरवणे.

पाहायचे कसे आणि करायचे काय, हे अवघड नाही. प्रथम तिला इतर कोंबड्यांपासून दूर न्या. रक्ताचा लाल रंग दिसला की इतर कोंबड्या त्याच जागी चोची मारू लागतात. उचलताना तिचे पंख दोन्ही हातांनी अंगाशी धरा, पण छाती दाबू नका. कोंबडीला माणसासारखे श्वासपटल नसते. तिच्या छातीचे हाड हलले तरच तिला श्वास घेता येतो. प्रेमाने घट्ट कवटाळलेली कोंबडीही गुदमरू शकते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके जखमेवर काही मिनिटे दाबून धरा.

मग एखादी टोपली किंवा पुठ्ठ्याचे खोके घ्या. त्यात जुने सुती कापड किंवा पेंढा पसरा आणि तिला उबदार, अंधाऱ्या व शांत जागी ठेवा. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. माणसापेक्षा ते बरेच जास्त आहे. त्यामुळे धक्का बसलेल्या कोंबडीला ऊब फार लागते. शेजारपाजारची मुले पाहायला जमली, तर त्यांना नम्रपणे परत पाठवा. या वेळी शांतता हेच तिचे पहिले औषध आहे.

ती थोडी सावरली की जखम धुवा. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या आणि त्यात चहाचा दीड चमचा मीठ विरघळवा. जखमेभोवतीची पिसे कात्रीने कापा, उपटू नका. धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन हे औषध पाण्यात मिसळून, फिकट चहाच्या रंगाचे करून लावा. राख, माती किंवा रॉकेल जखमेत मुळीच घालू नका. माशीलाही जपा. माशीने जखमेत अंडी घातली तर एका दिवसातच अळ्या होऊ शकतात. टोपलीवर मच्छरदाणीचा तुकडा बांधला तरी पुरे.

पाणी पाजताना पुष्कळ जण एक मोठी चूक करतात. ते चोच उघडून घशात पाणी ओततात. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते. ओतलेले पाणी फुप्फुसात जाते आणि वाचणारी कोंबडी आपल्याच हातून मरते. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, ती आपण होऊन गिळेल. दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि उकडलेल्या अंड्याचा चुरा पुढे ठेवा. ती स्वतःहून चोच मारू लागली की आशा धरायला हरकत नाही.

मांजराने किंवा कुत्र्याने चावले असेल, तर तिला त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. दातांबरोबर जंतू खोल जातात आणि जखम वरून बरी दिसली तरी आत पू होतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. दवाखान्यातून औषध मिळाले, तर किती दिवस तिची अंडी आणि मांस खायचे नाही, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. एक गोष्ट तुमच्या स्वतःसाठीही लक्षात ठेवा. पिसाळलेले असू शकेल अशा प्राण्याच्या तोंडातून कोंबडी ओढायला जाऊ नका. तुम्हांला चावा बसला तर ती जागा साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच लस घ्या.

आता काही जण म्हणतील, "एका कोंबडीसाठी एवढा खटाटोप कशाला?" आपण हिशेबच करू. थांबण्यात एक धोका आहे, तो मी लपवत नाही. रात्रीत कोंबडी मेली तर तिचे मांस वाया जाईल. हे एका दिवसाच्या जेवणाचे नुकसान झाले. पण ती जगली तर? गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ७० अंडी देते. शिवाय ती २१ दिवस अंड्यांवर बसून पिले काढते आणि त्यांना सांभाळून मोठी करते. हल्ल्यानंतर काही आठवडे ती अंडी देणार नाही, हे खरे. तरीही नुसत्या फायद्यातोट्याच्या दृष्टीने पाहिले, तरी एक रात्र थांबणे शहाणपणाचे आहे.

दुसरे काही जण म्हणतील, "शेवटी ती कापायचीच आहे ना?" होय. आपण कोंबड्या खाण्यासाठीही पाळतो. हे झाकून दयेच्या गोष्टी सांगण्यात अर्थ नाही. पण कोंबडी खाणे वेगळे आणि तिला वेदनेत पडू देणे वेगळे. आपण तिला आपल्या अंगणात ठेवले, तिची अंडी घेतली. तेव्हा तिचे रक्षण करणे हे आपल्याकडे लागू झाले.

तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला विहिरीतले पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीसमधील हकीकत तुम्ही घरी ऐकली असेल. आपल्या महाराष्ट्रात संत एकनाथांची कथाही अशीच सांगतात. काशीहून रामेश्वरासाठी नेत असलेले गंगेचे पाणी त्यांनी तहानलेल्या गाढवाला पाजले. कुत्रा आणि गाढव यांच्यापासून त्या दोघांना काहीच मिळणार नव्हते. आपल्याला तर कोंबडीने कितीतरी दिले आहे. आपल्या संविधानातही १९७६ साली जी मूलभूत कर्तव्ये घातली गेली, त्यांत सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे एक कर्तव्य सांगितले आहे.

मात्र दयेलाही डोळे हवेत. आतडी बाहेर आली असतील, पाठीचा कणा मोडून दोन्ही पाय लुळे पडले असतील, तर तिला दिवसचे दिवस टोपलीत ठेवणे ही दया नव्हे. अशा वेळी घरातल्या जाणत्या माणसाने तिची वेदना लवकर संपवावी. तेव्हा सुरी हाच दयेचा मार्ग आहे. माझा विरोध सुरीला नाही, न पाहता उचललेल्या सुरीला आहे. आणि सर्व काही करूनही कोंबडी गेली, तर आपले कष्ट फुकट गेले असे समजू नका. जखम कशी पाहावी, हे तुमच्या हाताला आता कळलेले असेल.

एक सावधगिरी मात्र कायम ठेवा. कोंबडीला हात लावण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवा. अंगावर जखम नसताना एकामागून एक कोंबड्या मरू लागल्या, तर त्यांना मुळीच हात लावू नका. मोठ्या माणसांकरवी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला होता आणि तिथल्या लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या. रोग आणि जखम यांत फरक करता आलाच पाहिजे.

शेवटी दोष कोणाचा, हेही पाहू. आपण मुंगुसाला शिव्या देतो, काठी घेऊन त्याच्या मागे लागतो. पण मुंगूस शेतातले उंदीर खाते आणि सापालाही मारते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे. त्याने आपला स्वभाव सोडला नाही. खुराड्याचे दार उघडे ठेवणारे आपणच असतो. खुराड्याला बारीक, मजबूत जाळी लावावी. खालची जमीन पक्की करावी किंवा कडेने दगड बसवावेत, म्हणजे उकरून कोणी आत शिरणार नाही. अंधार पडण्यापूर्वी कोंबड्या मोजून आत घ्याव्यात, कारण अंधारात त्यांना नीट दिसत नाही आणि बोका आला तरी त्या जागच्या हलत नाहीत.

मित्रांनो, यातले कोणतेही काम तुमच्या वयाला जड नाही. घरात एक जुनी टोपली, एक स्वच्छ फडके आणि औषधाची छोटी बाटली बाजूला काढून ठेवा. वेळ आली तर मोठ्यांना अदबीने म्हणा, "अब्बा, जरा थांबा. आधी जखम पाहू या." आणि अशी वेळ शक्यतो येऊच नये, म्हणून आज संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या की खुराड्याची कडी एकदा हाताने हलवून पाहा.