रंग नंतर, आधी हात

नवी इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेला पोरगा दुकानात आधी रंग बघतो. चालायचंच! आवाज मात्र बराचसा तारांची कंपनं टिपणाऱ्या पिकअपवर ठरतो. 1954 साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचे सिंगल कॉइल पिकअप तारेचा टणत्कार स्वच्छ ऐकवतात, सोबत थोडी घरघरही आणतात. गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन कॉइल उलटसुलट जोडून ती घरघर दाबली. त्या दुहेरी पिकअपचं नाव हमबकर; त्याचा स्वर जाड, डिस्टॉर्शनमध्येही भरीव. म्हणून फंकवाला सिंगल कॉइलकडे झुकतो, मेटलवाला हमबकरकडे.

वाटणी अर्थात काटेकोर नाही. बी. बी. किंगच्या नावाने गिब्सनने काढलेल्या ‘ल्युसिल’ गिटारला हमबकरच होते, आणि त्यावर त्याने वाजवले ब्लूज.

हाताचा विचार मात्र कुणी करत नाही. स्ट्रॅटची तार 25.5 इंच, गिब्सनच्या लेस पॉलची पाऊण इंचाने आखूड. त्याच जाडीची तार तिच्यावर सैल पडते, तार ओढून स्वर चढवायचा बेंड सोपा जातो. कारखान्यात बोटांची टोकं गमावलेल्या टोनी आयोमीने तर बारीक तारा लावून, पुढे ट्यूनिंग उतरवून ब्लॅक सबाथचा आवाज घडवला. तेव्हा दुकानात पट्टा अडकवून, उभं राहून वाजवावं. चार किलोंची लेस पॉल खांद्याला लगेच कळते.