खंड्या आणि देवळालीचा ताप

यंदाच्या दिवाळी अंकासाठी बिअरवर लिहिणार आहे, असे मी घरात जाहीर केले, तेव्हा बायको चकलीचा सोऱ्या हातात धरून क्षणभर तशीच उभी राहिली. "गेल्या वर्षी जुन्या छत्र्यांवर लिहिलंस, ते काय वाईट होतं?" एवढेच म्हणून तिने पुढची चकली पाडली. तिची भीती अगदीच अनाठायी नाही. हा अंक आजीपासून नातवापर्यंत सगळे वाचतात. शिवाय १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. प्यायला परवाना लागतो तो त्याच कायद्याने, आणि गल्लोगल्लीच्या पाट्यांवरचा 'परमिट रूम' हा शब्दही त्याचीच देणगी. तेव्हा वाचकांनी निर्धास्त असावे. मी कोणालाही प्यायला सांगणार नाही. मला सांगायचे आहे ते आवडीनिवडीविषयी, आणि आपल्या आवडीच्या तोऱ्यात माणूस दुसऱ्याला किती सहज दुखावून जातो त्याविषयी.

माझी स्वतःची आवड अगदी साधी. वर्षातून दोनतीनदा, उकाड्याच्या दिवसांत, किंगफिशरची एक थंडगार बाटली. तिच्यावरचा तो खंड्या पक्षी पाण्यात सूर मारण्याच्या बेतात दिसला, की मलाही बरे वाटते. पिवळा रंग, पांढरा फेस, सोबत खारे शेंगदाणे. तिच्यात काय घालतात, हे मी कधी विचारले नाही. विहिरीचे पाणी पिणारा माणूस झऱ्याची चौकशी करीत बसत नाही.

पण आमच्या घराण्यात चौकशी करणारा निपजला. माझा भाचा इंजिनिअर झाला, दोन वर्षे नोकरी केली आणि एक दिवस ती सोडून बिअर बनवायला लागला. ताई नातेवाइकांना सांगते, "तो फूड टेक्नॉलॉजीत असतो." २००९ साली पुण्यात 'डूलाली' सुरू झाली, तेव्हापासून 'मायक्रोब्रुअरी' हा शब्द आमच्या गावाने ऐकला होता, तो आमच्याच घरात राहायला येईल असे मात्र कोणाला वाटले नव्हते.

गेल्या वैशाखात त्याने मला त्याच्या कामाच्या जागी नेले. काचेपलीकडे लग्नातल्या घंगाळांसारखी, पण माणूस उभा मावेल एवढी चकचकीत भांडी. सातूला मोड आणून ते वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात भिजवून गोड अर्क काढायचा, त्यात हॉप्सची कडवट फुले घालून उकळायचा, निवला की यीस्ट घालून आंबू द्यायचा. "म्हणजे इडलीचंच पीठ की!" मी म्हणालो. "जवळजवळ," तो उदारपणे म्हणाला.

मग मीही माझी विद्या थोडी दाखवली. डूलाली हा इंग्रजी बोलीतला शब्द मूळचा आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. तिथल्या लष्करी छावणीत गोरे शिपाई विलायतेच्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहत आणि कंटाळून चक्रम होत. त्या चक्रमपणाला ते 'डूलाली टॅप' म्हणू लागले, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. भाचा खूश झाला. त्याच्या मित्रांनी मला मानाने मधली खुर्ची दिली.

आणि तेवढ्यात मी माझी नेहमीची बाटली मागितली.

"मामा!" भाचा जवळजवळ ओरडलाच. "ते पाणी आहे रे. रंग दिलेलं पाणी!" टेबलाभोवतीची पाचसहा तरुण मंडळी खळखळून हसली. मीही हसलो. वयाने वडील असले की हसावेच लागते. पण ते हसणे मला लागले. का लागले, ते भाच्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

२००५ साली मला प्राध्यापकाची नोकरी लागली, त्या संध्याकाळी अण्णा म्हणाले, "चल, जरा फिरून येऊ." अण्णा सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी आयुष्यात आमच्यासमोर सुपारीचे खांडदेखील तोंडात टाकले नव्हते. ते मला सरळ एका परमिट रूममध्ये घेऊन गेले. एक बाटली मागवली आणि दोन पेल्यांत अगदी समसमान ओतली, जशी आई आम्हां भावंडांना बासुंदी वाढायची तशी. मग बराच वेळ आम्ही काहीच बोललो नाही. शेवटी ते म्हणाले, "आता तू माझ्या बरोबरीचा झालास." एवढेच. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही, आणि आता ते नाहीत. त्या बाटलीवर खंड्या होता.

तेव्हा रंग दिलेले पाणी म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये, असे मनात म्हणत मी शेंगदाणे चघळत बसलो. आणि त्याच वेळी मला नऊ वर्षांपूर्वीची एक मुलगी आठवली.

एफ. वाय. च्या पहिल्या तासाला मी विचारले होते, "तुम्ही काय वाचता?" तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने मोठ्या उत्साहाने एका खपाऊ कादंबरीचे नाव घेतले. मी म्हणालो, "ती कादंबरी नव्हे, तो चिवडा. तोंडात असेपर्यंत कुरकुरीत!" वर्ग हसला. तीही हसली. आपण किती चुरचुरीत बोललो, याचा मला संध्याकाळपर्यंत आनंद होता. त्या मुलीने वर्षभर पुन्हा हात वर केला नाही, आणि पुढच्या वर्षी मराठी सोडून अर्थशास्त्र घेतले. तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध मला दिसला नव्हता. तो दिसायला मधल्या खुर्चीत बसून स्वतःवर हसवून घ्यावे लागले.

भाचा मात्र मुळात गुणी आहे. माझा चेहरा पाहून तो उठला आणि लाकडी फळीवर पाच छोटे पेले मांडून घेऊन आला. "भाषण नको, मामा. नुसती चव बघ. नाही आवडलं तर ठेवून दे." एकात गव्हाची बिअर होती, धने आणि संत्र्याची साल घातलेली. बेल्जममधल्या हूगार्डन गावात ही जात पार बंद पडली होती. १९६६ साली पिएर सेलिस नावाच्या गृहस्थाने ती पुन्हा सुरू केली, आणि हा गृहस्थ पूर्वी दूध घालायचा धंदा करीत असे. ती मला आवडली, खोटे कशाला बोलू! दुसरा पेला इंडिया पेल एलचा. ही जात इंग्रजांनी भरपूर हॉप्स घालून हिंदुस्थानातल्या साहेबांसाठी पाठवली. एक घोट घेतल्यावर मला कारल्याचा रस आठवला आणि साहेबाविषयी थोडी कणव वाटली. तिसऱ्यात करपेपर्यंत भाजलेल्या सातूचा कॉफीसारखा काळा वास. मी दोन पेले संपवले, तीन ठेवून दिले. कोणी हसले नाही.

मग भाच्यानेच कबुली दिली. "खरं सांगू? तुझी ती पिवळी लागर बनवणं सगळ्यांत अवघड." जर्मन भाषेत 'लागर्न' म्हणजे साठवणे. ही बिअर थंडीत सावकाश आंबवतात आणि मग कित्येक आठवडे थंडीतच मुरू देतात. १८४२ साली पिल्सेन गावात योसेफ ग्रोलने ती सोनेरी रंगाची केली आणि तिने जग जिंकले. पुढे जगभरच्या कारखान्यांनी तांदूळ, मका घालून ती आणखी हलकी केली. "तिच्यात चूक लपवायला जागाच नसते. माझ्या काळ्या बिअरमध्ये दहा चुका खपतील. आणि हजारो बाटल्यांत तीच चव आणायची म्हणजे खायचं काम नाही. मला अजून दोन पिंप सारखे जमत नाहीत."

"मग पाणी का म्हणालास?" मी विचारले.

तो थोडा ओशाळला. "सगळीकडे तेच एक मिळायला लागलं की बाकीचं मरतं ना, मामा." त्याचे म्हणणे खोटे नाही. १९७१ साली चार इंग्रज मित्रांनी पिंपात जिवंत मुरणाऱ्या जुन्या एलसाठी चळवळ उभारली, ती याच भीतीपोटी, आणि त्यांनी ती एल वाचवली. चांगल्यासाठी भांडलेच पाहिजे. मीही वर्गात दुसरे काय करतो? पण भांडण कारखान्याशी असावे, पिणाऱ्याशी नव्हे.

श्रावणात बँकेत गेलो होतो. काउंटरमागची बाई म्हणाली, "सर, ओळखलंत?" तीच ती. मी ओळखले आणि धीर करून म्हणालो, "तुमच्या त्या कादंबरीला मी चिवडा म्हणालो होतो." तिलाही ते आठवत होते. पासबुक यंत्रात सरकवत ती शांतपणे म्हणाली, "आमच्या घरात तेवढं एकच पुस्तक होतं, सर. आई दुपारी मोठ्यांदा वाचायची." मी माफी मागितली. ती "अहो सर, काय हे!" म्हणाली आणि पासबुक माझ्या हातात दिले. मागे रांग होती. मला अधिक काही बोलता आले नाही.

यंदा पहिल्या तासाला मी मुलांना सांगितले, आपापल्या आवडत्या पुस्तकाचे एक पान घेऊन या. आम्ही ती पाने मोठ्याने वाचली. त्यांच्याशेजारी मी माझ्या आवडीचे एकेक पान ठेवले, छोट्या पेल्यासारखे. काहींना ते रुचले, काहींनी ठेवून दिले. माझी मते बदललेली नाहीत. काही पाने दुसऱ्या काही पानांपेक्षा निश्चित चांगली असतात, आणि ते मी सांगतोही. पण आता आधी विचारतो, हे पान तुझ्या घरी कोण वाचायचे?

अण्णांची ती हकिगत मी भाच्याला अखेर सांगितली. त्याला आजोबा जेमतेम आठवतात. तो म्हणाला, "मला ती जागा दाखव." गेल्या महिन्यात आम्ही गेलो. खुर्च्या बदलल्या आहेत, पंखा बहुधा तोच आहे. मी एक बाटली मागवली आणि दोन पेल्यांत समसमान ओतली. भाच्याने पेला उजेडात धरला, हुंगला, एक घोट तोंडात घोळवला. मी जीव मुठीत धरून बसलो होतो.

"फेस चांगला आहे," तो म्हणाला, आणि शेंगदाण्यांची बशी माझ्याकडे सरकवली.